पंचनाम्याबाहेरची माणसे

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईकडची मुले जूनच्या मध्यावर नवी पुस्तके घेऊन वर्गात बसलेली असतात, तेव्हा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सुट्टीच चालू असते. कारण एकच, ऊन. पत्र्याच्या छपराखाली चाळीस मुले बसवून कविता शिकवता येत नाही, हे आम्हा शिक्षकांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. बकरी ईद होऊन चार-पाच दिवस झाले होते. शाळा उघडायला आठवडा उरला होता आणि मी मेहकरच्या बसस्थानकावर हिवरा आश्रमला जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहत उभी होते. पर्सममध्ये एका मुलीचे प्रगतिपुस्तक होते. सहावीत माझ्या वर्गात शिकणारी ही मुलगी रमजान ईदच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नव्हती. परीक्षेलाही नाही. वडील आठवडी बाजारांत कटलरीचे दुकान लावत. बांगड्या, क्लिपा, रिबिनी, आरसे असा माल. चौकशी केल्यावर कळले की ते कामासाठी शहरात गेले आणि आई मुलांना घेऊन हिवरा आश्रमजवळच्या एका खेड्यात नानीकडे राहायला गेली. फोन लागत नव्हता. म्हटले, आपणच जाऊन यावे.

गाडीत शेजारी एक म्हातारे शेतकरी येऊन बसले. मांडीवर सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, लहान मूल धरावे तशी धरलेली. पाऊस कसा आहे, असे विचारताच ते बोलू लागले.

"पहिले झड लागे, मॅडम. आठ-आठ दिस पानी हालत नव्हतं. जमीन प्याली का मंग नाल्यानं वाहे. आता महिनाभर थेंब नाही, अन् आलं तं दोन घंट्यात वावरच घेऊन जाते. मांगच्या साली जुलैत लय पडलं अन् पुरा ऑगस्ट कोरडा गेला. शेंगा भरल्याच नाही."

त्यांनी वर्तमानपत्र वाचले नसेल. पण ते सांगत होते ती नोंद हवामान खात्याच्या दप्तरीही आहे. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. लोणार म्हणजे मेहकरचा शेजारी. यादीत नाव एका तालुक्याचे आले, म्हणून ढग काही सीमेवर थांबले नव्हते. पुढे सरकारलाही आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली.

जास्त पाऊस आणि कमी पाऊस, दोन्ही एकाच कारणाने कसे होतात, असा प्रश्न मुले वर्गात विचारतात. त्यांना मी सांगते ते इथेही सांगते. हवा जितकी गरम तितके जास्त बाष्प ती धरून ठेवते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की हवेची ही क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस अडून राहतो आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. मधल्या उघडिपीत तीच गरम हवा जमिनीतली ओल शोषून घेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसून आले. म्हाताऱ्या बाबांनी एका वाक्यात सांगितले, ते शास्त्रज्ञांनी पासष्ट वर्षांच्या नोंदी तपासून सांगितले, एवढाच फरक.

हिवरा आश्रमला उतरले, तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. हे गाव मेहकर तालुक्यातले. मूळचे साधे खेडे. नावात आश्रम आला तो विवेकानंद आश्रमामुळे. शुकदास महाराजांनी तो उभारला. ते रुग्णांना औषध देत आणि औषधासाठी दूरदूरची सर्व जातिधर्मांची माणसे त्यांच्याकडे येत. २०१७ साली त्यांचे निधन झाले. आज इथे शाळा आहेत, महाविद्यालय आहे, कृषी महाविद्यालय आहे, मूकबधिर मुलांची शाळा आहे. एका खेड्याला शिक्षणाचे गाव करणे ही लहान गोष्ट नाही.

माझ्या आठवणीतले हिवरा आश्रम मात्र जानेवारीतल्या थंडीचे आहे. अब्बा मंडपवाल्यांसाठी कनाती शिवत. विवेकानंद जन्मोत्सवाच्या आधी फाटक्या कनाती दुरुस्त करायचे काम निघे आणि अब्बा मला सोबत आणत. शेवटच्या दिवशी मोकळ्या शेतात माणसांच्या रांगाच रांगा बसत. नजर पोहोचेल तिथपर्यंत पंगत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी येई आणि स्वयंसेवक धावत धावत वाढत. पहिल्या वर्षी मी अब्बांच्या मागे संकोचून उभी होते. एका काकांनी हाताला धरून रांगेत बसवले आणि म्हणाले, "बस पोरी, जागा आहे." अब्बा घरी आल्यावर अम्मीला सांगत होते, "तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही. जो बसला, त्याच्यापुढे ताट येतं."

त्या दुपारी ते वाक्य मला पुन्हा आठवणार होते, हे तेव्हा माहीत नव्हते.

आश्रमापासून जवळच कोराडी प्रकल्पाचा जलाशय आहे. नानीच्या गावाकडे जाणाऱ्या रिक्षावाल्याने काठाच्या रस्त्याने नेले. पावसाळ्यात भरलेला पाहिलेला हा जलाशय जूनमध्ये ओळखू येईना. पाणी दूर मध्यभागी आकसून बसलेले. अलीकडे भेगाळलेला काळा गाळ, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे, आणि गाळ उपसून नेलेल्या जागी खड्डे. धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजना २०१७ पासून आहे. आमच्या जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलावांतली माती नेऊन तलाव खोल करण्याचे कामही झाले. त्याला 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर ओळख मिळाली. हे काम चांगले आहे. विहिरींना पाणी वाढते, त्याचा लाभ सगळ्यांनाच होतो. पण गाळ ज्याच्या शेतात पडतो त्याला शेत असावे लागते, एवढी एक गोष्ट मनात राहून गेली.

"धरण उशाला आणि कोरड घशाला" ही म्हण आम्ही मराठीच्या तासाला वाक्यात उपयोग करायला देतो. त्या दिवशी तिचा अर्थ मला गावाच्या वेशीवर भेटला. माझी विद्यार्थिनी सायकल हाताने ढकलत येत होती. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधलेले, प्रत्येकी वीस लिटरचे. मला पाहताच ती थबकली. ओढणी सावरत म्हणाली, "आपा, तुम्ही?" आणि मग कॅनकडे पाहून उगीचच हसली. आपण काही चुकीचे करताना सापडलो, असे काहीसे त्या हसण्यात होते.

वीस लिटर. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ग्रामीण भागात टंचाईच्या काळात टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला वीस लिटरचा हिशेब धरतात. जलजीवन मिशनमध्ये घरातल्या नळाने माणशी ५५ लिटर पाणी देण्याचे ठरले आहे. आरोग्य नीट राहण्यासाठी ५० ते १०० लिटर लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नानीच्या घरी नळ होता. पण उन्हाळ्यात त्याला आठवड्यातून एकदा पाणी येत होते. मधले सहा दिवस ही बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि तिची सायकल. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन खेपा. घरात माणसे सहा.

नानीने चटई टाकली आणि वाडग्यातून पाणी पुढे केले. ते पाणी कुठून आणि कुणाच्या हाताने आले, हे नुकतेच पाहिल्यामुळे मला ते घशाखाली उतरवणे जड गेले. मुलीच्या आईने हळूहळू सगळे सांगितले. आम्ही घरात जे बोलतो त्याच दखनीत ती बोलली. मी इथे मराठीत लिहिते.

"आपा, पाऊस त्यांच्या वावरात पडला नाही, पण बुडालो आम्ही. शेतकऱ्याच्या हातात सोयाबीनचे पैसे आले की बाजार फुलतो. बाया बांगड्या भरतात, पोरींना क्लिपा घेतात. मागच्या दिवाळीला बाया नुसत्या हात लावून पाहायच्या आणि पुढे जायच्या. लग्नसराई तशीच गेली. उधारीवर भरलेला माल रमजानमध्ये खपेल असं वाटलं होतं, तेही नाही झालं. ईद झाली आणि हे निघून गेले. तिकडे बांधकामावर आहेत. चाळीस-बेचाळीस डिग्रीत सळया उचलतात. दोनदा चक्कर येऊन पडले, असं सोबतच्या माणसाने सांगितलं. हे स्वतः सांगत नाहीत."

मी विचारले, "पंचनाम्याला कुणी आलं होतं का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्याकडे कशाला येतील, आपा? आमचा सातबारा कुठे आहे?"

ती रागाने बोलली नव्हती. सरळ माहिती दिल्यासारखी बोलली. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

आपल्याकडे आपत्ती मोजण्याची एक पद्धत आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी. पिकाचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले तर मदत. २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. ही रक्कम शेतकऱ्याच्या खर्चापुढे काहीच नाही. तीसुद्धा वेळेवर पोहोचत नाही, हे बसमधल्या त्या बाबांना विचारा. शेतकऱ्याला जास्त मिळायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २००६ साली पंतप्रधानांना विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत बुलढाणा होता. शेतकऱ्याचे दुःख आम्ही आमच्या गल्लीतून पाहिले आहे.

पण ही मोजपट्टी हेक्टरची आहे. ज्याच्याकडे हेक्टर नाही तो या मोजणीत येतच नाही. घर पडले तर मदत आहे, माणूस मेला तर वारसाला चार लाख आहेत. दुकानात पुराचे पाणी शिरले तर कधी मदत मिळते. उपजीविका हिरावली गेलेल्या कुटुंबासाठी थोड्याशा मदतीचे एक कलमही केंद्राच्या निकषांत आहे. परंतु गिऱ्हाईक आले नाही म्हणून बसलेला बाजार, बुडालेली मजुरी, उन्हात आलेली चक्कर आणि मुलीची सुटलेली शाळा यांचा पंचनामा करायला कुणाच्या दारात कुणी आलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. आता आपल्या वस्तीकडे पाहा. बागवान, अत्तार, मन्सुरी, कुरेशी, छप्परबंद, हमाल, मिस्त्री, गॅरेजवाले, हातगाडीवाले. आपल्यातल्या किती घरांकडे सातबारा आहे? आणि हे फक्त आपलेच नाही. भूमिहीन बौद्ध, मातंग, भटके, ऊसतोडीला जाणारे वंजारी-बंजारा मजूर, सगळे याच रांगेत आहेत. शेती बुडाली की तेही बुडतात, फक्त यादीत नसतात.

उर्दूच्या तासाला मी 'हुकूक' शिकवते आणि मराठीच्या तासाला 'हक्क'. मुलांना गंमत वाटते की शब्द एकच आहे. मराठीने तो अरबीतून घेतला, आणि इतका आपलासा केला की आज तो परका वाटत नाही. आपल्या घरांत लहानपणापासून सांगितले जाते की हक्क दोन प्रकारचे. एक अल्लाहचे, दुसरे बंद्यांचे, म्हणजे हुकूकुल इबाद. नमाज चुकली तर तौबा करता येते. पण कुणाचा हक्क मारला असेल तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटका नाही. हवामान बदलाकडे मला याच नजरेने पाहावेसे वाटते. निसर्गाचा कोप म्हटले की गुन्हेगार कुणीच उरत नाही. पण हवेत कोळशाचा आणि तेलाचा धूर सोडणारी माणसे आहेत आणि त्याचा भार सोसणारी माणसेही आहेत. भारतातला एक माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. सायकलवर पाणी वाहणाऱ्या या मुलीचा वाटा तर मोजायलाही लागणार नाही. तरी फेडते आहे ती.

कायदाही हळूहळू याच जागी येतो आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या प्रकरणात निकाल दिला. राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांचा तो खटला होता. त्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांना हक्क आहे, आणि तो घटनेच्या कलम १४ व २१ मधून, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कातून येतो. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ एप्रिलला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. उन्हाच्या लाटांनी आमचा जीव धोक्यात येतो आणि सरकार पुरेसे काही करत नाही, अशी त्यांची तक्रार होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली पाणी हा मानवी हक्क मानला आणि २०२२ साली १६१ देशांच्या मतांनी स्वच्छ, निरोगी पर्यावरण हाही. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण करणे ही राज्यांची कायदेशीर जबाबदारी असल्याचे मत दिले.

हे सगळे मी त्या दिवशी चटईवर बसून नानीला सांगितले नाही. थोडेसे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मी या पोरीएवढी होते. आईबरोबर खडी फोडायला जायची. मिलोची लाल भाकरी, सुकडी. पण एक सांगते, तिथे नाव लिहिताना कुणी वावर विचारलं नाही. हात आहेत का, एवढंच पाहिलं."

नानी शाळेत गेलेली नाही. पण माझ्या मनातला गुंता तिने सोडवला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर काढली आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. वि. स. पागे यांचे नाव त्यासाठी आदराने घेतले जाते. मागेल त्याला काम हा हक्क देशाला नंतर मिळाला. तो पहिल्यांदा इथे, दुष्काळाच्या पोटातून जन्माला आला. त्या हक्काने माणसाला जमीन विचारली नाही. त्याचा अर्थ असा की आपत्तीत माणूस मोजता येतो. आपल्या राज्याने तो एकदा मोजला आहे. हेक्टरच्या शेजारी माणसाचा रकाना काढणे अशक्य नाही, नवेही नाही. मला अब्बांची पंगत आठवली. जो बसला, त्याच्यापुढे ताट.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात किंवा शेजारात असेच कुणी असेल. म्हणून माहीत असाव्यात अशा काही गोष्टी इथे लिहून ठेवते.

मुलाचे शिक्षण: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. कुटुंब वर्षाच्या मध्यात दुसरीकडे गेले, तरी तिथली सरकारी किंवा अनुदानित शाळा दाखला नाही या कारणाने प्रवेश अडवू शकत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक मिळते. जाण्याआधी मुख्याध्यापकांकडे मागा.

पाणी: टंचाई असेल तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा. ग्रामसभेत आपल्या बायकांनीही बसावे. पाणी आणतात त्या, आणि बोलतात दुसरे, असे होऊ नये.

न्याय: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रिया आणि मुले यांना, तसेच पूर, दुष्काळ यांसारख्या आपत्तीत सापडलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे सातबारा विचारत नाहीत.

नोंद: किती बाजार बुडाले, किती दिवस काम मिळाले नाही, उन्हाने कोण आजारी पडले, कोणत्या मुलाची शाळा सुटली, हे साध्या वहीत तारखेनिशी लिहा. वस्तीतल्या वीस घरांनी वर्षभर अशी वही ठेवली आणि ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना तिच्या आधारे अर्ज दिला, तर तो नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा वजनदार ठरेल. आपला पंचनामा कुणी करत नसेल, तर निदान सुरुवात आपण करावी.

आणि आपल्या स्वतःच्या पाण्याचे काय? वाहत्या नदीच्या काठी वुजू करत असलात तरी पाणी जपून वापरा, ही शिकवण आपण सगळ्यांनी मदरशात ऐकली आहे. तरी आपल्या किती मशिदींत नळ मोकळा वाहत असतो. वुजूचे पाणी एका शोषखड्ड्यात किंवा झाडांना सोडायला फार खर्च येत नाही. दुसऱ्याकडे हक्क मागताना आपल्या हातून कुणाचा हक्क जात नाही ना, हे पाहणेही आलेच.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी मुलीच्या आईशी शाळेचे बोलणे काढले. परत येणे शक्य नव्हते. इथल्या जवळच्या शाळा मराठी माध्यमाच्या. माझ्या मुलीने सहा वर्षे उर्दूतून गणित, इतिहास शिकलेला. मी प्रगतिपुस्तकाच्या मागचा मराठी मजकूर तिला वाचायला दिला. अडखळत, पण तिने सगळा वाचला. नानीने विचारले, "आणि पाणी?" कुणीच काही बोलले नाही. मग आई म्हणाली, "सकाळची खेप मी करीन. संध्याकाळची ती करेल." एवढ्यावर तिची शाळा ठरली.

शाळा उघडल्यावर मी तिचा दाखला लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक. वर्तणूक 'उत्तम' लिहिली. मग रकाना आला, 'शाळा सोडण्याचे कारण'. पेन तिथे थांबला. ऑगस्ट कोरडा गेला. शेंगा भरल्या नाहीत. बायांनी बांगड्या भरल्या नाहीत. बाप उन्हात सळया उचलायला गेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. यातले काय लिहायचे? रकाना दीड इंचाचा. मी लिहिले, 'पालकांचे स्थलांतर', आणि मुख्याध्यापकांच्या सहीसाठी पाठवून दिले. सातबारा विचारणाऱ्या कागदाबद्दल मी एवढी बोलते. त्या दिवशी माझ्याही कागदावर खरे कारण आले नाही. म्हणून ते आज इथे लिहिले.

ती मुलगी आता आठवीत आहे. मराठीत निबंध लिहिते आणि अधूनमधून मला फोनवर वाचून दाखवते. शुद्धलेखनाच्या चुका होतात, पण हात चांगला आहे. वडील पावसाळ्यात परत येतात, उन्हाळ्यात जातात. संध्याकाळची खेप अजून तिचीच आहे. आठवी संपली आणि वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की मोफत शिक्षणाच्या कायद्याचे छत्र तिच्या डोक्यावरून जाईल. पुढच्या खरिपात पाऊस कसा पडतो, शेतकऱ्याच्या हातात काय येते आणि बाजारात बाया बांगड्या भरतात की नाही, यावर तिची नववी ठरणार आहे. ती नववीत बसावी, अशी दुआ तुम्हीही करा. आणि तुमच्या वस्तीत अशी एखादी सायकल दिसली, तर थांबून तिला इयत्ता विचारा.